लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड आणि गेमिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपचं ग्राफिक्स वाढवता येतं का, या विषयावर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक कॉलेजचे विद्यार्थी आहेत, काही त्यांचे आईवडील. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी दुसऱ्या उत्तराचा क्रमांक दिला आहे. पैसे खर्च करण्याआधी निदान ६ ते १४ ही उत्तरं वाचा, अशी कळकळीची विनंती. अनेकांच्या लॅपटॉपमध्ये आहे तीच चिप पूर्ण ताकदीने चालत नसते.

१. माझ्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड काढून मोठं बसवता येईल का?

जवळपास नक्कीच नाही. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये काढघाल करता येईल असं कार्ड नसतंच. ग्राफिक्सची चिप आणि तिच्याभोवतीची मेमरी थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. चिपला वीज देणारं सर्किट, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या, पंखे, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आणि चार्जर हे सगळं त्या एकाच चिपच्या मापाने बनवलेलं असतं. त्यामुळे अडचण फक्त सोल्डरची नाही. मोठी चिप बसवली तरी तिला पुरेशी वीज मिळणार नाही आणि तिची उष्णता बाहेर जाणार नाही.

अपवाद थोडे आहेत, ते प्रश्न १७ मध्ये. बाहेरून कार्ड जोडण्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

२. माझ्याकडे नेमकं कोणतं ग्राफिक्स आहे हे कुठे बघायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि डावीकडे खाली जीपीयू (ग्राफिक्स सांभाळणारा भाग) शोधा. एकच जीपीयू दिसला आणि तो इंटेलचा असेल, तर बहुधा ते प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स आहे. एएमडीचा एकच असेल तर नाव नीट वाचा. नुसतं ‘रेडिऑन ग्राफिक्स’ किंवा ‘वेगा’ म्हणजे आतलं, ‘आरएक्स’ आणि पुढे आकडा म्हणजे बहुतेक वेळा वेगळी चिप. दोन जीपीयू दिसले तर एक आतलं आणि एक वेगळं.

लॅपटॉपवर चिकटवलेल्या स्टिकरवर विसंबू नका. सेकंडहँड लॅपटॉप घेताना हे पान विकणाऱ्यासमोर उघडूनच बघा.

३. टास्क मॅनेजर १२ जीबी ग्राफिक्स मेमरी दाखवतो. घेताना तर ४ जीबी सांगितली होती. मग खरं काय?

खरी ४ जीबी. टास्क मॅनेजर दोन आकड्यांची बेरीज दाखवतो. ‘डेडिकेटेड’ म्हणजे चिपच्या शेजारची स्वतःची मेमरी, आणि ‘शेअर्ड’ म्हणजे गरज पडली तर साध्या रॅममधून उसनी घेता येईल एवढी. विंडोज साधारण निम्मी रॅम शेअर्ड म्हणून मोजतं. १६ जीबी रॅम असेल तर ४ अधिक जवळपास ८, असे १२ होतात. उसनी मेमरी किती हळू असते ते प्रश्न ६ मध्ये आकड्यांसह दिलं आहे, आणि तिचा परिणाम प्रश्न १३ मध्ये.

४. लॅपटॉपची आरटीएक्स ४०७० आणि डेस्कटॉपची ४०७० एकच ना?

नाही, आणि ग्राहकाची सगळ्यात मोठी दिशाभूल इथेच होते असं माझं ठाम मत आहे. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ कुडा कोअर (चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग) आणि १२ जीबी मेमरी आहे. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव एक, चिप वेगळी. वर गेलात तर दरी आणखी रुंद होते. डेस्कटॉपची ४०९० म्हणजे १६,३८४ कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅट. लॅपटॉपची ४०९० म्हणजे ९,७२८ कोअर, १६ जीबी आणि जास्तीत जास्त १७५ वॅट.

उलट ४०६० मध्ये दोन्हीकडे ३,०७२ कोअर आणि ८ जीबीच आहेत, फरक मुख्यतः विजेचा. म्हणून यूट्यूबवर डेस्कटॉपच्या कार्डाचे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात ते) बघून लॅपटॉप ठरवू नका. व्हिडिओच्या नावात ‘लॅपटॉप’ शब्द आहे का आणि वॅट सांगितले आहेत का, हे आधी बघा.

५. मित्राकडे ४०५० आहे, माझ्याकडेही ४०५०. त्याचा गेम जास्त एफपीएस का देतो?

पहिलं कारण बघायचं ते वॅटचं. एनव्हिडिया लॅपटॉप कंपन्यांना एकच चिप वेगवेगळ्या वीजमर्यादेत चालवू देते. लॅपटॉपच्या ४०५० ला ही मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकते. पातळ, हलक्या लॅपटॉपमधली ४५ वॅटची ४०५० आणि जाडजूड लॅपटॉपमधली १०० वॅटची ४०५० टास्क मॅनेजरमध्ये एकाच नावाने दिसतात. या मर्यादेला टीजीपी म्हणतात. पूर्वी कमी विजेच्या चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ लिहिलेलं असायचं, त्यावरून ग्राहकाला निदान अंदाज यायचा. ३० सीरिज आली तेव्हा, २०२१ मध्ये, ती वेगळी नावं गेली.

तुमचा आकडा बघायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ ही ओळ शोधा. हा आकडा बायोसमध्ये कंपनीने ठरवलेला असतो. लॅपटॉपच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये सायलेंट, बॅलन्स्ड आणि परफॉर्मन्स असे मोड असतात. परफॉर्मन्स लावल्याशिवाय पूर्ण वॅट मिळत नाहीत, आणि कित्येकांनी तो मोड कधी उघडलेलाच नसतो. तेवढं आधी करा.

एक दिलासा असा की ४०५० आणि ४०६० ला साधारण १०० वॅटनंतर जादा विजेचा फारसा फायदा होत नाही. ९५ आणि ११५ वॅटच्या फरकासाठी जीव टाकू नका. ४५ आणि ९५ चा फरक मात्र दर मिनिटाला जाणवेल.

आकडे सारखे असूनही फरक पडत असेल तर प्रश्न ९ आणि ११ बघा. रॅमची एकच काडी असेल तर प्रश्न ६.

६. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. रॅम वाढवली तर गेम चालतील का?

हो, बरेच चांगले चालतील, पण फक्त जीबी वाढून नाही, तर काड्या दोन झाल्यामुळे.

प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रत्येक फ्रेमसाठी ते साध्या रॅमकडे जातं, आणि खरी मर्यादा त्या वाटेच्या रुंदीची असते. डीडीआर४-३२०० ची एक काडी सेकंदाला २५.६ गिगाबाइट एवढा डेटा देते. तशाच दोन काड्या मिळून ५१.२ देतात. तुलनेसाठी, लॅपटॉपच्या ४०६० ची स्वतःची मेमरी सुमारे २५६ देते. म्हणजे एका काडीवर आतलं ग्राफिक्स अक्षरशः उपाशी राहतं.

स्वस्त लॅपटॉप बहुतेक ८ जीबीच्या एकाच काडीसह विकले जातात आणि दुसरा स्लॉट रिकामा असतो. तिथे तशीच ८ जीबीची काडी टाकली की आतल्या ग्राफिक्सवर एफपीएस पाव ते निम्म्याने वाढल्याचं नेहमी दिसतं. वेलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ यांसारख्या गेममध्ये हा फरक अडखळणं आणि सलग चालणं यातला असतो. वेगळी चिप असलेल्या लॅपटॉपमध्येही दोन काड्यांमुळे मधेच बसणारे झटके कमी होतात.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ दोनपैकी एक दिसतं का. रॅम डीडीआर४ आहे की डीडीआर५, कारण दोघांची खाच वेगळ्या जागी असते आणि एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. आणि रॅम सोल्डर केलेली तर नाही ना. ‘एलपीडीडीआर’ लिहिलं असेल तर ती जवळजवळ नेहमी बोर्डावरच पक्की असते आणि वाढवता येत नाही. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याबद्दलचा नियम कंपनीच्या कस्टमर केअरकडून ईमेलवर लिहून घ्या.

७. जाहिरातीत ‘आयरिस एक्सई’ होतं, माझ्या लॅपटॉपवर ‘यूएचडी’ दिसतं. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरमध्ये आयरिस एक्सई हे नाव रॅम दोन चॅनलवर चालत असेल तरच दिसतं. एकच काडी असेल तर तेच ग्राफिक्स यूएचडी म्हणून ओळख देतं. दुसरी काडी टाकून लॅपटॉप सुरू केला की नाव बदलतं आणि वेगही वाढतो. काडी कशी निवडायची ते प्रश्न ६ मध्ये आहे.

८. बायोसमध्ये व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) ५१२ एमबीवरून २ जीबी केली तर एफपीएस वाढतील का?

क्वचितच. काही जुने गेम सुरू होताना डेडिकेटेड मेमरीचा आकडा तपासतात आणि कमी दिसला तर नकार देतात. तिथे उपयोग होतो. एरवी ती मेमरी साध्या रॅममधूनच कापली जाते. ८ जीबी रॅम असताना २ जीबी तिकडे दिली तर विंडोज आणि गेमला ६ च उरते, आणि मग गेम उलट जास्त अडखळतो. वेगळ्या चिपची मेमरी अशा कोणत्याही सेटिंगने वाढत नाही. ‘व्हीरॅम बूस्टर’ म्हणून मिळणारी सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका.

९. ३०५० आहे, पण गेम इंटेलच्या ग्राफिक्सवरच चालतोय असं वाटतं.

शक्य आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जा, यादीत गेम जोडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. मग गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये कोणता जीपीयू राबतोय ते बघा.

गेम योग्य चिपवर असूनही आणखी एक अडथळा असतो. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस आणलं. त्यात वेगळी चिप फ्रेम बनवते, पण ती पडद्यावर जाते आतल्या ग्राफिक्सच्या वाटेने. बॅटरी वाचते, पण काही फ्रेम जातात, आणि वेलोरंटसारख्या खूप एफपीएसच्या गेममध्ये तोटा जास्त होतो. ज्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच आहे तिथे पडदा थेट वेगळ्या चिपला जोडता येतो. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये ‘डिस्क्रीट जीपीयू’ असा पर्याय शोधा. स्विच नसेल तर बाहेरचा मॉनिटर हा उपाय असू शकतो, कारण अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयची जोडणी थेट वेगळ्या चिपला असते.

१०. चार्जर काढला की एफपीएस ३० वर येतात. बॅटरी खराब आहे का?

नाही. परवानगीशिवाय विमानात १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून लॅपटॉपच्या बॅटऱ्या त्याच्या आतच ठेवतात. एवढ्या बॅटरीतून प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून मागतात तेवढी वीज सुरक्षितपणे काढता येत नाही, म्हणून लॅपटॉप स्वतःच हात आखडता घेतो. शिवाय एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट फ्रेम ३० वर बांधतं, ते सेटिंगमधून बंद करता येतं.

गेमिंग नेहमी मूळ चार्जर लावूनच करा. २३० वॅटच्या चार्जरऐवजी टाइप-सीचा ६५ किंवा १०० वॅटचा लावला तर ‘चार्जिंग’ दिसेल, पण ग्राफिक्सला पूर्ण वीज मिळणार नाही.

११. उन्हाळ्यात दुपारी गेम पंधरा मिनिटांनी अडखळायला लागतो, रात्री नीट चालतो. असं का?

खोलीचं तापमान जितकं वाढतं, जवळपास तितकंच चिपचंही वाढतं. हिवाळ्यात २२ अंशांच्या खोलीत ७२ अंशांवर चालणारी चिप ३८ अंशांच्या खोलीत ८८ च्या आसपास जायला बघते. एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप चिप साधारण ८७ अंशांना स्वतःचा वेग कमी करतात. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा मे महिना असेल तर हे होणारच.

पहिला उपाय फुकटचा आहे. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, हवा खालून आत शिरते. गादीवर किंवा उशीवर ठेवून कधीच खेळू नका. दुसरा उपाय म्हणजे पंखे आणि त्यांच्यामागच्या जाळ्या वर्षातून एकदा साफ करणं. धूळ बाहेरून दिसत नाही, ती पंखा आणि जाळी यांच्यामध्ये गादीसारखी साचते. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता नळ्यांकडे नेणारा लेप) बदलून घ्या. पेस्टऐवजी पीटीएम७९५० ही पट्टी मिळाली तर ती घ्या, ती पेस्टसारखी बाजूला सरकत नाही आणि जास्त टिकते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना खास सांगणं: पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. खोली गार होऊ द्या, पण तुषार आणि ओली हवा पंख्यातून आत ओढली जाता कामा नये.

आणि एक धोका. काही महागड्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते वीज वाहतं आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं. दुकानदाराने नेहमीच्या पद्धतीने पुसलं तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. तुमच्या मॉडेलमध्ये ते आहे का, हे उघडण्याआधीच तपासा.

१२. ओव्हरक्लॉक करावं का, म्हणजे चिप ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवावी का?

लॅपटॉपमध्ये मी आधी उलटं करायला सांगतो, म्हणजे अंडरव्होल्ट. लॅपटॉपची चिप बहुतेक वेळा वॅटच्या मर्यादेला टेकलेली असते. तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळाला तर उरलेली वीज वेग वाढवायला वापरता येते आणि तापमानही उतरतं. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये व्होल्टेजचा आलेख उघडून थोडं थोडं खाली या. गेम बंद पडला किंवा पडद्यावर रंगीत ठिपके आले की एक पायरी वर जा. रीस्टार्ट केलं की सगळं मूळपदावर येतं, फक्त ‘स्टार्टअपला लावा’ हा पर्याय खात्री झाल्याशिवाय चालू करू नका.

इंटेल प्रोसेसरचं अंडरव्होल्ट वेगळी गोष्ट आहे. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यानंतर अनेक कंपन्यांनी ते बायोसमधून बंद केलं.

१३. ४ जीबी व्हीरॅम आता पुरेल का?

ईस्पोर्ट्सच्या (वेलोरंटसारख्या स्पर्धेच्या) आणि २०१९-२० पर्यंतच्या बऱ्याच गेमसाठी पुरते. नव्या मोठ्या गेमसाठी नाही. व्हीरॅम भरली की गेम रॅममधून उसनं घेतो आणि मग सरासरी एफपीएस ठीक दिसूनही दर काही सेकंदांनी झटका बसतो. हे ओळखण्याची खूण म्हणजे ‘टेक्स्चर क्वालिटी’ एक पायरी उतरवली की झटके थांबतात. चिपची ताकद कमी असेल तर टेक्स्चर उतरवून फारसा फरक पडत नाही, तिथे सावल्या, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र बनवणं) आणि रिझोल्यूशन कमी करावं लागतं.

१४. डीएलएसएस, एफएसआर, फ्रेम जनरेशन यांतलं काय चालू करू?

डीएलएसएस फक्त आरटीएक्स चिपवर चालतं. एएमडीचं एफएसआर तिसऱ्या आवृत्तीपर्यंत जीटीएक्स १६५० वर आणि आतल्या ग्राफिक्सवरही चालतं. दोन्ही गेम कमी रिझोल्यूशनवर बनवून मोठा करतात. १०८० पिक्सेलच्या पडद्यावर ‘क्वालिटी’च्या खाली जाऊ नका, चित्र मऊ पडतं.

फ्रेम जनरेशनबद्दल मात्र सावध करतो. ते मधल्या फ्रेम तयार करून भरतं, त्यामुळे आकडा फुगतो, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्या वेगाचाच राहतो. मूळ एफपीएस ५०-६० असतील तर छान दिसतं. २५ असतील तर चिखलात चालल्यासारखं वाटतं. ते स्वतःही व्हीरॅम खातं, म्हणून ४ आणि ६ जीबीच्या चिपवर कधीकधी उलटं नुकसान होतं.

१५. बाहेरून डेस्कटॉपचं कार्ड जोडता येतं असं ऐकलं. ते कसं, आणि घ्यावं का?

त्याला ईजीपीयू म्हणतात. एका पेटीत डेस्कटॉपचं कार्ड आणि त्याचा पॉवर सप्लाय, आणि तिथून एक केबल लॅपटॉपच्या थंडरबोल्ट या वेगवान पोर्टला. रेझर कोअर एक्स ही त्यातली प्रसिद्ध पेटी.

चालतं हे खरं आहे, पण केबल अरुंद पडते. डेस्कटॉपमध्ये कार्ड ज्यात बसतं त्या पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या पूर्ण स्लॉटमधून सेकंदाला सुमारे २५० गिगाबिट जातात. थंडरबोल्ट ३ आणि ४ ची केबल ४० गिगाबिटची, त्यातला कार्डाच्या वाट्याला येणारा भाग कागदावर ३२ आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. बाहेरच्या मॉनिटरवर खेळलात तर ढोबळमानाने पंधरा ते तीस टक्के ताकद वाया जाते. लॅपटॉपच्याच पडद्यावर खेळलात तर फ्रेम त्याच केबलने परत यावी लागते, त्यामुळे नुकसान आणखी वाढतं. पातळ लॅपटॉपचा १५ वॅटचा प्रोसेसर मोठ्या कार्डाला पुरा पडत नाही, तो वेगळाच अडथळा.

आता हिशोब करा. पेटी, कार्ड, मॉनिटर आणि कीबोर्ड. एवढ्यात पेटीच्या जागी प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि पॉवर सप्लाय घेतला की अख्खा डेस्कटॉप उभा राहतो आणि कार्ड पूर्ण ताकदीने चालतं. म्हणून ईजीपीयू मी एकाच प्रकारच्या माणसाला सुचवतो: ज्याच्याकडे चांगल्या प्रोसेसरचा थंडरबोल्ट लॅपटॉप आधीच आहे आणि ज्याला कामाचं सगळं त्या एकाच मशीनवर ठेवायचं आहे.

१६. माझ्याकडे टाइप-सी पोर्ट आहे, म्हणजे ईजीपीयू चालेल ना?

टाइप-सी हा फक्त पोर्टचा आकार. पोर्टशेजारी विजेची खूण आहे का, आणि कंपनीच्या पानावर ‘थंडरबोल्ट’ किंवा ‘यूएसबी४’ लिहिलं आहे का, ते बघा. गेमिंगच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ते बहुधा नसतं.

दुसरा मार्ग म्हणजे एसएसडीच्या एम.२ स्लॉटमधून ऑक्युलिंकची (पीसीआय एक्सप्रेस थेट बाहेर नेणारी) केबल बाहेर काढणं. स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ४.० चा असेल तर ६४ गिगाबिट मिळतात, म्हणजे थंडरबोल्ट ४ पेक्षा सरस. पण लॅपटॉप चालू असताना केबल काढघाल करायची नाही, झाकणाला फट ठेवावी लागते आणि एसएसडीचा एक स्लॉट जातो. हार्डवेअर हाताळायची सवय असेल तरच.

१७. ग्राफिक्स बदलता येणारे लॅपटॉप असतात तरी का?

असतात. एमएक्सएम नावाचं मानक होतं, त्यात ग्राफिक्स वेगळ्या छोट्या बोर्डावर असायचं. क्लेव्हो, एमएसआय, एलियनवेअर यांच्या जाड मशीनमध्ये आणि डेल प्रिसिजन, एचपी झेडबुक अशा जुन्या वर्कस्टेशनमध्ये ते सापडतं. ही वर्कस्टेशन रिफर्बिश्ड बाजारात येतात, म्हणून प्रश्न येत राहतो. पण सगळे एमएक्सएम बोर्ड एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बायोस अनोळखी बोर्ड नाकारतो, हीटसिंकची भोकं जुळत नाहीत. तुमच्याच मॉडेलमध्ये तेच बोर्ड कुणी चालवल्याची खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१९ च्या एलियनवेअर एरिया-५१एम मध्ये तर डेलने स्वतःचाच वेगळा आकार वापरला.

सध्याचं खरं उदाहरण म्हणजे फ्रेमवर्क लॅपटॉप १६. त्याचं ग्राफिक्स मागच्या बाजूने मॉड्यूल म्हणून निघतं. २०२४ मध्ये तो रेडिऑन आरएक्स ७७००एस घेऊन आला आणि २०२५ मध्ये त्याच मशीनसाठी आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल जाहीर झालं. पुढच्या पिढीचं कार्ड जुन्याच लॅपटॉपला बसवण्याचं आश्वासन एका कंपनीने पाळलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. इतरांनी हा रस्ता धरावा.

१८. दुकानदार म्हणतो, चिप काढून मोठी चिप बसवून देतो. करू का?

नको. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारांत चिप बदलणारे अतिशय कुशल कारागीर आहेत, पण ते काम दुरुस्तीचं असतं: मेलेल्या चिपच्या जागी तीच चिप. मोठ्या चिपला मेमरीचे वेगळे मार्ग, वेगळं वीज सर्किट आणि वेगळा बायोस लागतो. ‘अपग्रेड’ म्हणून पैसे मागत असेल तर चालता लॅपटॉप त्याच्या हाती देऊ नका.

१९. चिप इतर गेम चालवते, मग हा एक गेम सुरूच का होत नाही?

कारण काही गोष्टी वेगाच्या नसून सोयीच्या असतात, आणि चिपमध्ये ती सोय नसेल तर सेटिंग कितीही कमी करून उपयोग नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, आणि दोघांनी किमान ८ जीबीचं कार्ड मागितलं आहे. जीटीएक्स १६५० मध्ये ते हार्डवेअर नाही.

ड्रायव्हरचंही वय असतं. जीटीएक्स ९०० आणि १००० सीरिजसाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले, सुरक्षेचे तेवढे २०२८ पर्यंत येतील. एमएक्स१५०, एमएक्स२५० आणि एमएक्स३५० त्याच जुन्या पिढीतल्या आहेत. १६५० मात्र त्यानंतरच्या पिढीची आहे.

विकत घेण्याआधी शंका असेल तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घ्या. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. तुमच्या मशीनवर तपासण्याचा याहून प्रामाणिक मार्ग नाही.

२०. मॅकबुकला ईजीपीयू लावता येईल का?

इंटेल प्रोसेसरचा आणि थंडरबोल्ट ३ चा असेल तर हो. २०१८ मध्ये मॅकओएस १०.१३.४ पासून अ‍ॅपलने अधिकृत पाठिंबा दिला, तोही एएमडीच्या कार्डांना. एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर गेमिंगसाठी ईजीपीयू विसरा.

२१. क्लाउड गेमिंगने प्रश्न सुटेल का?

यात गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि चित्र इंटरनेटवरून येतं. कथाप्रधान गेमसाठी सुटू शकतो. जीफोर्स नाऊ १०८० पिक्सेल, ६० एफपीएससाठी २५ एमबीपीएसचा वेग मागते. तेवढा वेग आज फायबरवर सहज मिळतो, पण महत्त्व वेगापेक्षा पिंगला, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेला आहे. लॅनची केबल लावा, निदान ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा. हॉस्टेलच्या सामायिक वायफायवर संध्याकाळी अपेक्षा ठेवू नका. चुरशीच्या शूटरसाठी मी सुचवत नाही.

घरात भावाचा किंवा बहिणीचा डेस्कटॉप असेल तर त्यावर सनशाइन (गेमचं चित्र पाठवणारं अ‍ॅप) आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपवर मूनलाइट (ते दाखवणारं अ‍ॅप) टाका. घरच्या नेटवर्कवर हा फुकटचा क्लाउड फार छान चालतो.

२२. मुलगी इंजिनिअरिंगला गेली, लॅपटॉप घ्यायचा आहे, गेमही खेळणार म्हणते. नंतर काय वाढवता येतं आणि काय नाही?

रॅम स्लॉट असतील तर रॅम आणि एसएसडी नंतर वाढते. ग्राफिक्स, त्याची मेमरी, पडदा आणि थंड करण्याची व्यवस्था वाढत नाही. म्हणून बजेट तंग असेल तर १६ ऐवजी ८ जीबी रॅम आणि १ टीबीऐवजी ५१२ जीबी एसएसडी घेऊन वाचलेले पैसे चिपमध्ये घाला, फक्त दुसरा रॅम स्लॉट रिकामा आहे याची खात्री करा. माझ्या मते आज ६ जीबी व्हीरॅमच्या खाली गेमिंगसाठी नवा लॅपटॉप घेऊ नये, आणि चार वर्षं काढायची असतील तर ८ जीबी. दुकानात किमतीआधी टीजीपी किती वॅट हे विचारा (प्रश्न ५), मग मक्स स्विच आहे का (प्रश्न ९). दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि घरी कंपनीच्या पानावर तपासा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये शेवटच्या दोन अक्षरांनी वॅट बदलतात.

२३. ग्राफिक्स चिप गेली आहे. आतल्या ग्राफिक्सवर लॅपटॉप अभ्यासापुरता तरी चालेल का?

बऱ्याचदा चालतो. विंडोज सेफ मोडमध्ये उघडत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वेगळी चिप ‘डिसेबल’ करा आणि रीस्टार्ट करा. मक्स स्विच असेल तर बायोसमधून आधी ‘हायब्रिड’ मोडवर आणा, नाहीतर पडदा मेलेल्या चिपलाच जोडलेला राहील आणि काळाच दिसेल. विंडोज अपडेट ड्रायव्हर परत बसवू शकतं, तेव्हा पुन्हा डिसेबल करावं लागेल.

तीन ठिकाणी हा उपाय लागू पडत नाही. चिपच्या वीजमार्गात शॉर्ट असेल तर लॅपटॉप सुरूच होणार नाही, तिथे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याला तो मार्ग तोडून द्यायला सांगा. काही मॉडेलमध्ये प्रोसेसरला आतलं ग्राफिक्स नसतं किंवा ते बंद ठेवलेलं असतं, तिथे पर्यायच नाही. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर यातलं काहीही करू नका, डेटाची प्रत काढून घ्या आणि तसाच सर्व्हिस सेंटरला द्या.